गवत वाळले, दुधी का राहिली?

प्रश्न : सोयाबीनमध्ये क्विझालोफॉप इथाईल फवारले. गवत वाळले, पण दुधी आणि केना तसेच राहिले. औषध कमी पडले का?

उत्तर : नाही. हे तणनाशक स्निग्धाम्ले तयार करणारे एक एन्झाइम अडवते. सोयाबीन, दुधी अशा रुंद पानांच्या वनस्पतींच्या हरितलवकांत त्या एन्झाइमची रचना वेगळी असल्याने त्या वाचतात. गवतात मात्र नव्या पेशींची आवरणे बनत नाहीत, वाढीचा कोंब कुजतो आणि सुरळीतील पान ओढताच निघते. केना एकदल असला, तरी गवतवर्गीय नाही. म्हणून तोही तगतो. रुंद पानांच्या तणांसाठी सोयाबीनला शिफारस असलेले इमॅझेथापायरसारखे तणनाशक, तणे लहान असतानाच, लेबलवरील मात्रेने वापरा. ज्वारी, मका, ऊस ही पिकेही गवतवर्गीयच आहेत. ती शेजारी असतील, तर वाऱ्यात क्विझालोफॉप फवारू नका.