परिप्रश्न : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गीता-मंडळ

आषाढ जवळ आला की पुष्कळ घरांतून एकच प्रसंग घडतो. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परगावी निघते. आई डब्यात चिवडा-लाडू भरते, वडील पैशांविषयी चार सूचना देतात, आणि आजी कपड्यांच्या घडीत गीतेची लहानशी पोथी ठेवते. दिवाळीत मूल घरी परतते, तेव्हा पोथी त्याच घडीत असते. मग वडीलधारी माणसे खेदाने म्हणतात की, आजच्या शिक्षणाने मुलांची श्रद्धा नाहीशी केली.

वाचकहो, हा निष्कर्ष घाईचा आहे. पोथी उघडली गेली नाही हे खरे; परंतु ती उघडल्यावर मनात जो प्रश्न उठेल तो विचारावा कोणाला, याची काही व्यवस्था आपण केली होती काय? प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

अर्जुनाची विद्यार्थिदशा

अर्जुन हा अशिक्षित किंवा दुबळा मनुष्य नव्हता. त्याची विद्या पूर्ण झाली होती व कीर्ती सर्वत्र पसरली होती. तरीही ऐन परीक्षेच्या क्षणी त्याचे हातपाय गळाले. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात, आपल्याला काही कळेनासे झाले आहे अशी कबुली देऊन त्याने शिष्यत्व पत्करले. उपदेशाला खरा आरंभ होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. शिष्याने आपली अडचण बोलून दाखविण्यापूर्वी गुरूने तत्त्वज्ञान सांगितलेले नाही, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

पुढे तरी अर्जुन मुकाट्याने ऐकतो काय? तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच तो तक्रार करतो की, तुमच्या बोलण्याने माझा गोंधळ होतो, एक काय ते निश्चित सांगा. पाचव्याच्या आरंभी पुन्हा तीच तक्रार. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की, तुम्ही सांगता तो योग या चंचल मनाला साधेल असे मला वाटत नाही. इतक्या वेळा शंका घेणाऱ्या शिष्यावर भगवंत एकदाही रागावत नाहीत.

चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात ज्ञान मिळविण्याची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपण मुलांना नमस्कार करावयास शिकवितो, सेवेचे महत्त्वही सांगतो. मधले साधन मात्र विसरतो. किंबहुना मुलाने प्रश्न केला तर त्याला उद्धट ठरवितो. भगवंतांनी परिप्रश्नाला नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध बसविले, यावरून एवढे तरी निश्चित होते की, नम्रता आणि शंका यांचे वैर नाही.

एका चुकीची कबुली

ही गोष्ट मी दुसऱ्यांना शिकविण्याच्या अधिकाराने लिहीत नाही. माझ्या हातून घडलेली चूकच येथे सांगतो.

आमच्या घरी काही वर्षांपासून रविवारी सायंकाळी दहाबारा विद्यार्थी गीता वाचण्यास जमतात. एका वर्षी त्यांत दूरच्या प्रांतातून आलेला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. तो फार बोलत नसे. आमचा तिसरा अध्याय चालला असता त्याने मध्येच विचारले, "काका, एखाद्याने मनापासून प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावरच राहिला, तर त्याचे काय होते?" मी म्हणालो, "अरे, हा प्रश्न सहाव्या अध्यायातला आहे. क्रम मोडू नकोस. तेथे पोहोचलो की पाहू." तो 'बरे' म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही आला नाही. अभ्यास वाढला असेल, असे म्हणून मी स्वस्थ राहिलो.

दोन महिन्यांनी त्याच्या सोबत्याकडून कळले की, तो परीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता आणि ते त्याने घरी कळविले नव्हते. खाणावळीत जाणे त्याने सोडले होते आणि खोलीचे दार लावून तो दिवसचे दिवस पडून राहत असे. सोबत्यानेच धीर करून त्याच्या वडिलांना दूरध्वनी केला. ते तातडीने आले आणि त्याला घरी घेऊन गेले. देवाची कृपा, की सोबत्याला वेळेवर बुद्धी झाली. मला ती झाली नव्हती.

पुढील वर्षी तो पुन्हा शिकावयास आला. मी त्याच्या वसतिगृहावर जाऊन त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "काका, तुमचे चुकले असे नाही. पण त्या दिवशी मी गीतेविषयी विचारत नव्हतो, माझ्याविषयी विचारत होतो."

तेव्हापासून सहाव्या अध्यायाचा तो भाग मी निराळ्या दृष्टीने वाचतो. सदतीस ते एकोणचाळीस या श्लोकांत अर्जुन हेच विचारतो : श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, असा मनुष्य फुटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना? चाळिसाव्या श्लोकातील उत्तराचा आशय असा की, त्याचा नाश येथेही नाही व पुढेही नाही. चांगले करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. हे सांगताना भगवंत अर्जुनाला 'तात' असे संबोधितात. भ्यालेल्या लेकराला जवळ घेताना योजावा असा तो शब्द आहे. हे उत्तर मला पाठ होते, आणि तरीही ज्याला ते हवे होते त्याला मी तीन अध्याय थांबावयास सांगितले.

हे काम गृहस्थाचे का?

घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला असा आधार लागतो, ही जाणीव इतर देशांतही आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १८९३ साली न्यूमन क्लब निघाला. प्रिन्स्टन विद्यापीठात २००८ सालापासून हिंदू विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र धर्ममार्गदर्शक नेमलेला आढळतो. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. नाना धर्मांच्या या देशात हे योग्यच आहे. यास्तव महाविद्यालयाने हे करावे अशी अपेक्षा न धरता, त्या गावातील गृहस्थाने आपल्या घराचे दार उघडावे, हाच सरळ मार्ग होय.

आपल्या समाजाला हे नवे नाही. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहण्यास साहाय्य केले. १९०५ साली स्वामी रामकृष्णानंदांच्या प्रेरणेने मद्रासेत रामकृष्ण मिशनचे विद्यार्थिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. आज अन्नाची उणीव तितकी नाही. उणीव आहे ती विचारपूस करणाऱ्या माणसाची. ती भरून काढण्यास संस्था लागत नाही, एक सतरंजी पुरते.

मंडळाची रीत

विनोबांची गीता-प्रवचने २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात झाली. दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे अठरा रविवार ती चालली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. श्रोते सर्व थरांतील बंदी होते. जे तुरुंगात साधले ते आपल्या ओसरीवर साधण्यास कोणती अडचण आहे? अनुभवाने ठरलेले काही नियम पुढे देतो.

१. वेळ एक तासाची असावी आणि ती पाळावी. आहार, निद्रा व कर्म यांतील बेताचे महत्त्व सहाव्या अध्यायातच सांगितले आहे. परीक्षेच्या दिवसांत मंडळ खुशाल बंद ठेवावे. त्या वेळी अभ्यास हाच विद्यार्थ्याचा स्वधर्म होय.

२. थोडे श्लोक सर्वांनी मिळून म्हणावेत, अर्थ एका विद्यार्थ्याने सांगावा, आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा. प्रश्न पुढच्या अध्यायातला असला तरी त्याच दिवशी घ्यावा. उत्तर ठाऊक नसेल तर 'मला ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे मोकळेपणाने म्हणावे. यामुळे वडीलधाऱ्याचा मान कमी होत नाही.

३. मुलगे व मुली यांना सारखेच स्थान असावे, जात विचारली जाऊ नये, आणि मुलींच्या वसतिगृहाची परतण्याची वेळ सांभाळली जावी.

४. वर्गणी, शपथ, राजकारण व इतर पंथांची निंदा यांना थारा नसावा. कोणावरही आग्रह करू नये. अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला, नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग, असेच सांगितले आहे.

५. शेवटी सर्वांनी एकत्र जेवावे. पिठले-भाकरी किंवा खिचडी पुरे. जे प्रश्न सतरंजीवर निघत नाहीत ते ताटावर निघतात, असा माझा अनुभव आहे.

६. जो येईनासा झाला त्याची चौकशी त्याच आठवड्यात करावी. हा नियम मी फार उशिरा शिकलो.

७. कोणी फारच खिन्न दिसला, जेवण-झोप टाकली किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर त्याला एकटे न सोडता घरच्यांना कळवावे आणि वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असावा. गीता धैर्य देते, परंतु औषधाच्या जागी गीता ठेवण्यास भगवंतांनी कोठेही सांगितलेले नाही.

वर्षाचा क्रम

आषाढी पौर्णिमेस, म्हणजे गुरुपौर्णिमेस, आरंभ करावा. त्या दिवसापासून मार्गशीर्ष शुद्ध एकादशीपर्यंत, म्हणजे गीताजयंतीपर्यंत, मध्ये अधिक मास न आल्यास सुमारे वीस आठवडे मिळतात. दिवाळीच्या सुटीचे दोन वजा केले की अठरा अध्यायांस अठरा रविवार नेमके उरतात. गीताजयंतीला सातशे श्लोकांचे अखंड पठण विद्यार्थ्यांनी वाटून घेऊन करावे. १२ जानेवारी, स्वामी विवेकानंदांची जयंती, १९८५ पासून राष्ट्रीय युवक दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी व्याख्यानाऐवजी सेवेचे काम घ्यावे. रुग्णालयात रुग्णांच्या नातलगांना जेवण पोहोचविणे, वस्तीतील मुलांना गणित शिकविणे, असे काहीही चालेल. त्यानंतर परीक्षेचे दिवस येतात. तेव्हा केवळ दार उघडे ठेवावे. ज्याला यावेसे वाटेल तो येऊन चहा घेऊन जाईल.

कोणी म्हणेल, 'आमचा मुलगा तर दूरच्या गावी आहे. येथे दुसऱ्यांची मुले गोळा करून त्याला काय लाभ?' सज्जनहो, आपल्या गावातही कोणाची तरी मुले दूरवरून आलेली आहेत, आणि ज्या गावी आपले मूल गेले आहे तेथेही कोणी गृहस्थ राहत आहे. आपण येथे दार उघडले तरच तेथले दार उघडण्याची अपेक्षा आपल्याला शोभेल.

तेव्हा यंदा पोथी कपड्यांच्या घडीत ठेवताना तिच्यात एक चिठ्ठीही ठेवावी : त्या गावातील एखाद्या परिचित घराचा पत्ता, आणि खाली एवढेच की, 'काही विचारावेसे वाटले तर येथे जा, कोणी रागावणार नाही.' ज्याने अर्जुनाच्या प्रत्येक शंकेला स्नेहाने उत्तर दिले, तो पार्थसारथी आपल्यालाही ऐकून घेण्याची बुद्धी देवो.