जुनी पेठ पुन्हा नांदती करण्याची कृती

हे टिपण गावाच्या मध्यवर्ती पेठेत ज्यांचं दुकान, घर किंवा मंडळ आहे त्यांच्यासाठी आहे. पेठ मरायला टेकली म्हणजे तिथली गर्दी ओसरली असं नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. तरीही कुठल्याही जुन्या पेठेत दुकानांच्या वरचे मजले बंद दिसतात, रात्री शटर पडली की रस्ता सुना होतो आणि तिथेच जन्मलेली आजी रस्ता ओलांडायच्या भीतीने घराबाहेर पडत नाही.

उपाय म्हटलं की आधी महोत्सव सुचतो. मी तो जवळजवळ शेवटी ठेवला आहे. तीन दिवसांचा मांडव उठला की पेठ होती तशीच राहते. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी चार वाजता तिथे बसायला, कमवायला आणि घ्यायला काय आहे, यावर पेठ जगते. पुढची प्रत्येक पायरी त्या मंगळवारसाठी आहे.

१. एक तुकडा निवडा, माणसं जमवा

सगळी पेठ एकदम हातात घेऊ नका. दोन चौकांमधला, पाच-सात मिनिटांत चालून संपेल एवढा तुकडा पुरे. पुणे महापालिकेने २०२१ साली पादचारी दिन सुरू केला, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढाच भाग घेतला होता.

बैठकीला व्यापारी संघाचे दोघे हवेत, तसेच पथारीवाले, हमाल, रिक्षा स्टँडवरचं कोणीतरी, मंडळाचे कार्यकर्ते, जवळच्या शाळेतल्या बाई आणि वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं हवीत. नुसत्या दुकानदारांना घेऊन बसलात तर चर्चा पार्किंगवर येते आणि तिथून हलत नाही. बायकांना घरची कामं सोडून येता येईल अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

२. मोजा

ही पायरी सगळे गाळतात, आणि म्हणूनच पुढे वादात हरतात. आठवड्यातला एक साधा दिवस आणि एक रविवार निवडा. सण, लग्नसराई आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा. तुकड्यावर चार जागा ठरवून तिथे कॉलेजची मुलं दोघं-दोघं उभी करा. सकाळी आठ ते रात्री दहा, दर तासाला पंधरा मिनिटं मोजायचं आणि आकड्याला चारने गुणायचं. चालणारे, सायकलवाले, दुचाकी, मोटारी, बस यांचे रकाने वेगळे. चालणाऱ्यांतही बायका, पुरुष, मुलं आणि आधार घेऊन चालणारी म्हातारी माणसं वेगळी मांडा.

त्यातच आणखी एक रकाना ठेवा: थांबलेली माणसं. बसलेली, उभ्याउभ्या गप्पा मारणारी, काही खाणारी. मला स्वतःला हा आकडा चालणाऱ्यांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण जिथे माणूस थांबतो तिथेच तो खर्च करतो आणि तिथेच ओळखी होतात. संध्याकाळी सातनंतर बायकांचा आकडा कोणत्या कोपऱ्यावर घसरतो तेही पाहा. तिथे दिवा गेलेला असतो, नाहीतर दारूचं दुकान असतं, नाहीतर बंद शटरांची लांब रांग असते.

मग दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: आज कशाने आलात? तोच प्रश्न दुकानदारालाही विचारा: तुमचं गिऱ्हाईक कशाने येतं? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली अशी पाहणी झाली होती. शंभरातले ४१ जण मोटारीने येतात असा तिथल्या दुकानदारांचा अंदाज होता, निघाले २२. आपल्याकडे आकडे वेगळे येतील, पण ते तुमच्याच पेठेतले असतील, आणि समोरच्या दुकानदाराला स्वतःच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पुण्यात २०२४च्या सप्टेंबरात मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झालं. तुमच्या तुकड्याजवळ असं स्थानक किंवा बसथांबा असेल तर तिथल्या दारावरही एक जोडी उभी करा.

३. पायाखालची जागा

मोजपट्टी घेऊन पदपथावर चाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर वाट अडथळ्याविना मोकळी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. तुम्हाला ही वाट विजेची डीपी, फलकाचे खांब, दुकानाच्या पुढे आलेल्या पायऱ्या आणि उभ्या केलेल्या स्कूटर यांनी ठिकठिकाणी तुटलेली आढळेल. प्रत्येक तुटीचा फोटो, जागा आणि ती कोणत्या खात्याची, एवढं एका तक्त्यात लिहा. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ‘पदपथ सुधारा’ असा मोघम अर्ज पडून राहतो. ‘अमुक दुकानासमोरची डीपी दोन फूट मागे घ्या’ हा अर्ज कोणत्या टेबलावर जायचा ते सगळ्यांना कळतं. नवा रुंद पदपथ झाला की त्यावर दुचाकी चढतातच, तेव्हा कडेचे खांब त्याच निविदेत धरून घ्या, नंतर कोणी बसवत नाही.

बसायची जागा करा. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात याचा अभ्यास केला आणि १९८० साली तो पुस्तकरूपाने आला. सुटी खुर्ची मिळाली की माणूस ती थोडी तरी सरकवतो आणि मगच बसतो, हे त्यांनी टिपलेलं निरीक्षण मला फार खरं वाटतं. माणसाला आपली जागा आपण ठरवायची असते. आपल्याकडे पार आणि कट्टे याच कामाला होते. नवा कट्टा बांधाल तर दीड फूट उंच, पाठीला भिंत किंवा झाड, तोंड रहदारीकडे आणि दुपारी चारला सावली. माणसं येऊ नयेत म्हणून कट्ट्यावर खिळे किंवा सळया ठोकणारी पेठ स्वतःचंच गिऱ्हाईक हाकलते.

आणि स्वच्छतागृह. बायकांसाठी स्वच्छ, उजेडाचं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर बाई खरेदी अर्ध्यावर टाकून घरी जाते. रंगरंगोटी, एकसारखे फलक, शोभेचे दिवे या सगळ्याच्या आधी हा खर्च करा.

४. एक दिवस रस्ता माणसांना द्या

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात महापौर जाइमे लर्नर यांनी १९७२ साली मुख्य व्यापारी रस्ता एका शनिवार-रविवारात उकरून फरसबंद केला आणि वाहनांना बंद केला. व्यापारी कोर्टात जाण्याआधी काम उरकायचं होतं. पुढे धंदा वाढला, तसे विरोध करणारेच व्यापारी हा भाग आणखी वाढवा म्हणू लागले. गोष्ट खरी आहे, पण आपल्या पेठांत हा मार्ग मी सुचवणार नाही. इथे दुकानाच्या माथ्यावर कुटुंबं राहतात. त्यांच्या दारात रात्रीतून काही केलंत तर पुढची दहा वर्षं तुमच्या बैठकीला कोणी येणार नाही. पुण्याचा ११ डिसेंबरचा पादचारी दिन जाहीर करून, एका दिवसापुरता झाला आणि पुढच्या वर्षांतही पाळला गेला. हीच चाल बरी.

तीन आठवडे आधी घरोघरी पत्रक द्या. वाहतूक शाखेकडून तात्पुरत्या बदलाचा आदेश घ्या आणि बसचा वळवलेला मार्ग थांब्यावर चिकटवा. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत खाली होऊ द्या, नाहीतर पहिला विरोध तिथूनच येईल. अग्निशमनाची गाडी आत येईल एवढी मधली वाट मोकळी ठेवा, आणि अंदाजावर सोडू नका, आदल्या दिवशी गाडी बोलावून फिरवून पाहा. चालता न येणाऱ्यांसाठी दोन्ही टोकांना ई-रिक्षा हवी. दवाखान्यात जाणाऱ्यांना कोणी अडवायचं नाही.

त्या दिवशी मोजणी पुन्हा करा. राजी असलेल्या पाच-सहा दुकानदारांना त्या दिवसाची आणि मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराची बिलं मोजायला सांगा, रक्कम नको, फक्त बिलांची संख्या. सोनाराकडे आणि किराणावाल्याकडे उलटसुलट निकाल येऊ शकतो. तो जसा येईल तसा मांडा.

५. पथारीवाले

पेठ ‘सुंदर’ करायची म्हणून पथारी उठवली जाते आणि सहा महिन्यांत ती परत येते, मधल्या काळात काही घरांची चूल बंद राहते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात याची वाट आखून दिली आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, आणि जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या तुकड्याचं सर्वेक्षण झालं आहे का, याची चौकशी करा. झालं असेल तर जागा खडूने आखा, १.८ मीटरची वाट सोडून. गजरेवाली, चहावाला, चप्पल शिवणारा यांच्यामुळे रात्री रस्त्यावर दिवा आणि डोळा दोन्ही राहतात.

६. वरचे मजले आणि कामधंदा

पेठेतला रोजगार म्हणजे फक्त काउंटरमागचा नोकर नव्हे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून तांब्याची भांडी घडतात. तयार भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि ते बारीक खळगे उजेडात चमकतात. हे काम आवाजाचं आहे. पेठेत नुसती कॉफीची दुकानं वाढली की याच आवाजाची तक्रार होते आणि कारागीर शहराबाहेर जातो. म्हणून आधी यादी करा: कोण काय घडवतं, किती माणसं, कोणत्या वेळी आवाज, जागा भाड्याची की मालकीची. बुरूड, शिंपी, सोनार, माळा ओवणारे हे २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत बसतात. तिच्यात ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. कारागिराला पाठवून देऊ नका, एखाद्याने बरोबर जाऊन अर्ज भरून द्यावा.

बंद मजल्यांचं दुखणं बहुधा भाडेकरू-मालक वादात असतं. मालकाला एकच भीती असते, खोली परत मिळेल का? १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. तसा केला तर राहायला दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळवायची सोय त्याच कायद्यात आहे. एखादा वकील महिन्यातून एकदा मंडळाच्या खोलीत बसवून मालकांना हे समजावून द्या. एक मजला जरी अभ्यासिकेला, शिवणवर्गाला किंवा छोट्या कचेरीला गेला तरी त्या खिडकीत रात्री उजेड दिसतो.

७. आता कार्यक्रम

जे आहे त्यातून उगवलेला कार्यक्रम टिकतो. मुंबईत काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून वाचनालय, संग्रहालय आधीपासून होतं, म्हणून १९९९ साली सुरू झालेला कला महोत्सव तिथे रुजला. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे नव्या कपड्यांत तरुण मुलं जमतात, त्यांना कोणी व्यासपीठ दिलेलं नव्हतं. तुमच्या पेठेत लोक आपणहून कधी जमतात ते आधी पाहा आणि त्याच वेळेला जोर द्या.

वर्षातून एक मोठा घाट घालण्यापेक्षा महिन्यातून एक संध्याकाळ बरी. तिकीट नको, कुंपण नको. खाण्याचे निम्मे ठेले पेठेतल्याच लोकांना. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, कारण वर कोणाचं तरी लेकरू झोपलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत रस्ता झाडलेला हवा. झाडणाऱ्यांचे पैसे कार्यक्रमाच्या खर्चात आधी धरा, उरलेल्या पैशांवर टाकू नका.

८. पैसा आणि एक पगारी माणूस

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातलं काम सुचवता येतं. तिसऱ्या पायरीतला तक्ता तिथे कामी येतो. तुमच्या नगरपालिकेत तशी सोय नसेल तर नगरसेवकाच्या निधीतून एक-एक तूट दुरुस्त करून घ्या.

सगळं उत्साहावर सोडलं तर दुसऱ्या वर्षी संपतं. अमेरिकेत लहान गावांच्या जुन्या बाजारांसाठी १९८० साली उभ्या राहिलेल्या मेन स्ट्रीट उपक्रमात प्रत्येक ठिकाणी एक पगारी व्यवस्थापक नेमण्यावर भर होता. आपल्याकडेही दुकानांनी महिना थोडी वर्गणी काढून पेठेतलीच एखादी मुलगी किंवा मुलगा नेमावा. दिवा गेला, झाकण फुटलं, बाक मोडलं, की फोन करायचा, तक्रारीचा क्रमांक लिहायचा आणि काम होईपर्यंत पाठ सोडायची नाही. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लागला पाहिजे.

वर्षानंतर त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच चार जागांवर पुन्हा मोजा. थांबलेल्या माणसांचा आणि सातनंतरच्या बायकांचा आकडा जिथे हललेला नाही, त्या कोपऱ्याचं काम पुढच्या अर्जात पहिलं लिहा.