थंडीतील डिझेल मोटार : आरंभदोषाचे निदान

पेट्रोल एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. डिझेल एंजिनात अशी ठिणगी नसते. दट्ट्या वर सरकताना सिलिंडरमधील हवा दाबली जाते, दाबामुळे ती तापते आणि त्या तप्त हवेत सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. रूडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे याच तत्त्वावरचे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यानंतर एंजिनाचे भाग पुष्कळ बदलले. तत्त्व मात्र तेच राहिले. म्हणून थंडीत सुरू न होणाऱ्या डिझेल मोटारीची परीक्षा एकाच प्रश्नापासून सुरू व्हावी : हवा पुरेशी तापत नाही, की तापलेल्या हवेत इंधन पोहोचत नाही?

थंडी किती दोषी?

बंगळूर शहरातील इंदिरानगर या वस्तीचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. जानेवारीत तेथील पहाटेचे किमान तापमान सर्वसाधारणपणे 15 ते 16 अंश सेल्सिअस असते. शहरातील आजवरचे नीचांकी तापमान 7.8 अंश, तेही 13 जानेवारी 1884 रोजी नोंदले गेले. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्याखाली इंधन वाहीनासे होते ते तापमान, 3 अंशांहून अधिक असता कामा नये. लडाखची गोष्ट वेगळी. तेथे साधे डिझेल गोठत असल्यामुळे इंडियन ऑइलने 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास इंधन पुरविण्यास प्रारंभ केला. इंदिरानगरात मात्र ‘डिझेल गोठले असेल’ हे निदान टिकणारे नाही.

तरीही थंडीचा परिणाम होतोच. समजा, संपीडन-गुणोत्तर 18 आहे, म्हणजे हवा मूळ आकारमानाच्या अठराव्या भागात दाबली जाते. स्टार्टरने एंजिन सावकाश फिरत असताना काही उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात. हे लक्षात घेऊन ढोबळ हिशेब केला, तर 35 अंशांची हवा सुमारे 460 अंशांपर्यंत आणि 15 अंशांची हवा सुमारे 410 अंशांपर्यंत तापते. बाहेरचा 20 अंशांचा फरक आत सुमारे 50 अंशांचा होतो. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच असल्यामुळे हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. निरोगी एंजिनाला एवढी तूट सोसते. परंतु कड्या झिजल्या असतील, झडपा नीट बसत नसतील किंवा एंजिन मंद फिरत असेल, तर हवा निसटते, उष्णता वाया जाते आणि तापमान आणखी खाली येऊ शकते. थोडक्यात, अशा सौम्य हवामानात थंडी दोष निर्माण करीत नाही. झाकलेला दोष ती उघड करते.

धुराची साक्ष

निदानाचे पहिले साधन फुकट मिळते. ते म्हणजे धूर. स्टार्टर फिरत असताना दुसऱ्या व्यक्तीने मागील नळीकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर इंधन सिलिंडरमध्ये पोहोचते आहे, पण पेटत नाही. अर्थात उष्णता कमी पडते. धूर मुळीच नसेल, तर बहुधा इंधनच पोहोचत नाही. या एका निरीक्षणाने तपासाचे क्षेत्र निम्मे होते.

मात्र त्याआधी बॅटरी पाहणे अगत्याचे आहे. पूर्ण भारित बॅटरीचा विद्युत्‌दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो, 12.2 व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ अर्धी रिकामी. स्टार्टर फिरताना दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी, तिची टोके आणि एंजिनाला जोडलेली जमीन-तार तपासावी. इंदिरानगरातील शंभर फुटी रस्त्यावर रोज दोन-तीन किलोमीटर रखडत जाणाऱ्या मोटारीची बॅटरी पुरती भारित होण्याची संधीच मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दोन उदाहरणे

पहिले उदाहरण असे कल्पावे. मोटारीचे एंजिन जोमाने फिरते. तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते. अर्धा मिनिट थरथरते व पांढरा धूर सोडते. दुपारी मात्र चटकन चालू होते. मालकास इंधनपंप उतरविण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला लक्षणांशी जुळत नाही, कारण पंप बिघडला असता तर दुपारीही बहुधा त्रास झाला असता. संशय ग्लो प्लगांवर यावयास हवा. सिलिंडरमध्ये डोकावणारी ही विजेची छोटी शेगडी. तिचे टोक काही सेकंदांत 800 अंशांपलीकडे तापते. चारांपैकी दोन निकामी झाले, तर दोन सिलिंडर उशिरा पेटतात, थरथर त्याचीच. प्रत्येक प्लगची जोडणी सोडवून मीटरने रोध मोजावा. चांगला प्लग सुमारे एक ओहम किंवा त्याहून कमी रोध दाखवितो. तुटलेल्यातून प्रवाहच जात नाही. सर्व प्लग ठीक असतील, तर रिले, फ्यूज आणि एंजिनाचे तापमान सांगणारा संवेदक पाहावा. संवेदकाने ‘एंजिन गरम आहे’ असे खोटेच कळविले, तर प्लगांना पुरेसा प्रवाह मिळत नाही.

दुसऱ्या उदाहरणात मोटार तळघराच्या उतारावर, तोंड वर करून रात्रभर उभी असते. सकाळी बराच वेळ फिरवूनही धूर दिसत नाही. मग एकाएकी एंजिन सुरू होते. सपाटीवर उभी केल्यास त्रास कमी होतो. येथे इंधनवाहिनीत हवा शिरत असण्याचा संभव मोठा. नळीचा सांधा किंवा फिल्टरचे रबरी कडे सैल झाले, की इंधन टाकीकडे परतते. अशा ठिकाणी डिझेल बाहेर ठिबकतेच असे नाही, म्हणून दोष नजरेतून सुटतो. फिल्टर व पंप यांच्यामध्ये काही काळ पारदर्शक नळी बसविली, तर बुडबुडे दिसतात. दुरुस्ती पुष्कळदा एका रबरी कड्यात आटोपते.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तरच संपीडन-दाब मोजावा आणि इंजेक्टरांतून परतणाऱ्या इंधनाची तुलना करावी. ही कामे जाणत्या कारागिराची. ते कौशल्य बंगळूरला नवे नाही. डिझेलचे पंप बनविणारी ‘मायको’ कंपनी 1951 साली याच शहरात स्थापन झाली. नाशिकमुळे मराठी वाचकांच्याही परिचयाची असलेली ही कंपनी 2008 पासून ‘बॉश’ या नावाने ओळखली जाते.

काय करू नये

ईथरचा फवारा हवेच्या नळीत मारू नये; तापलेल्या ग्लो प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो आणि दट्ट्या फुटू शकतो. एंजिनाखाली शेगडी किंवा पलिता धरू नये. जुन्या एंजिनांत इंजेक्टरची नळी सैल करून हवा काढीत. कॉमन रेल पद्धतीच्या एंजिनात तसे कदापि करू नये. त्यातील दाब फारच अधिक असतो आणि इंधनाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी जखम किरकोळ दिसली, तरी रुग्णालयात तत्काळ उपचार घ्यावे लागतात.

स्वस्त व सोप्या परीक्षेपासून महाग व अवघड परीक्षेकडे जाणे, आणि लक्षणाने बोट दाखविल्याखेरीज कोणताही भाग न बदलणे, हे या निदानाचे सूत्र होय.

अभ्यास

1. पांढरा धूर व धुराचा अभाव यांवरून निघणारे निष्कर्ष वेगळे का?
2. एंजिन मंद फिरल्यास हवा कमी का तापते?
3. एखादी मोटार सकाळी व दुपारी सारखाच त्रास देत असेल, तर ग्लो प्लगांवरील संशय कमी का होतो?