भीमेचे पाणी : खोली, वेग आणि स्नानार्थींची सुरक्षितता

भीमाशंकर येथे उगम पावलेली भीमा सुमारे ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे तिने अर्धचंद्राकार वळण घेतले आहे आणि म्हणूनच तेथे ती चंद्रभागा या नावाने ओळखली जाते. चारही वाऱ्यांच्या वेळी लक्षावधी भाविक तिच्या पात्रात उतरतात. त्यांतील बहुतेक जण परगावचे असतात. पात्र कोठे उथळ व कोठे खोल आहे, हे कोळी नावाड्यांना जन्मापासून ठाऊक असते. आलेल्या वारकऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

पूर्वी नदीचे पाणी पावसाबरोबर चढे आणि उतरे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यापासून खालच्या पात्रातील पाणी मुख्यतः धरणातून सोडलेल्या विसर्गावर अवलंबून राहू लागले. त्यात नीरा-नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेला मिळत असल्याने वीर धरणातून सोडलेले पाणीही पंढरपूरला येऊन पोहोचते. परिणामी पंढरपुरात ऊन पडलेले असताना पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने चंद्रभागेचे पाणी चढू शकते. उन्हाळ्यातही सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून औज बंधाऱ्याकडे नदीपात्रातून पाणी सोडण्यात येते. काल कोरडे असलेले पात्र आज वाहू लागते, ते यामुळेच.

विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रात क्युसेक्समध्ये प्रसिद्ध होतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. या आकड्याचा काठावरील माणसासाठी काय अर्थ होतो, हे शाळेतील गणिताने सहज समजावता येईल. पात्राची रुंदी, सरासरी खोली आणि सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. ३०० फूट रुंद पात्रात ४ फूट खोल पाणी सेकंदास २ फूट वेगाने वाहत असेल, तर विसर्ग २,४०० क्युसेक्स होतो. तो ७,२०० झाला आणि रुंदी तीच राहिली, तर खोली ६ फूट व वेग ४ फूट अशी स्थिती येऊ शकते. छातीएवढे पाणी डोक्यावरून जाते. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अंगाच्या तेवढ्याच भागावर तो चौपट होतो. साधारण पोहणारा मनुष्य सेकंदास दोन-तीन फूट अंतर तोडतो. तेव्हा अशा धारेविरुद्ध पोहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, मग तो गावच्या विहिरीत कितीही तरबेज असो. विहिरीचे पाणी माणसाला वाहून नेत नाही, आणि विहिरीत शिकलेल्याचा आत्मविश्वास नदीत घातक ठरतो तो याच कारणाने.

वेग मोजण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. काठावर शंभर फुटांच्या अंतरावर दोन खुणा कराव्यात, वरच्या अंगाला धारेत लाकडाचा तुकडा टाकावा आणि तो दुसऱ्या खुणेपर्यंत येण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. पृष्ठभागावरील हा वेग सरासरी वेगापेक्षा थोडा अधिक असतो. प्रयोग काठावर उभे राहून, पाणी कमी असताना आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा, हे सांगणे नलगे.

खोलीचे मात्र असे सोपे गणित नाही. वळणावर बाहेरच्या काठाला धार घासते व तेथे डोह पडतो. आतल्या काठाला वाळू साचते. हा निसर्गनियम जाणत्याला ओळखता येतो. वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे मात्र कोणत्याही नियमात बसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा भाविक पुढच्याच पावलाला पुरुषभर पाण्यात जातो. वर पाणी संथ दिसत असल्याने खड्ड्याची शंकाही येत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचाही धोका ध्यानात घ्यावा लागतो: भिंतीवरून पाणी पडते तेथे ते उलटे फिरून माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढते.

धरणाच्या जलाशयासंबंधीचा एक गैरसमज येथे दूर करणे अगत्याचे आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. असून त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. त्यामुळे 'धरण शून्य टक्क्यांवर' अशी बातमी येते तेव्हाही तेथे प्रचंड पाणी असते. २१ मे २०२४ रोजी कुगाव येथून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, त्या वेळी जलाशय मृत साठ्यातच होता.

कोणी बुडत असल्यास मागोमाग उडी घेण्याचा मोह आवरावा. काठावरून दोर, काठी, धोतर किंवा बंद झाकणाचा रिकामा डबा फेकावा. प्रवाहात सापडलेल्याने उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि तिरके पोहत काठ गाठावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून वा पोट दाबून पाणी काढण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

काठच्या ग्रामपंचायतींनी घाटावर पाण्याची पातळी दाखविणारी पट्टी रंगवावी आणि डोह व खड्ड्यांच्या जागी काठ्या रोवून लाल कापड बांधावे. विसर्गाचा संदेश येताच पोलीस पाटलांमार्फत दवंडी द्यावी. हे काम वारीपुरते नाही आणि भीमेपुरतेही नाही. हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळणारी सीना एरवी क्षीण धारेने वाहते. परंतु २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूर परिसरातील गावांत पाणी शिरले आणि माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.