पाड्याचं सांडपाणी पाड्यातच जिरवा

सातपुड्याच्या उतारावर घरं एकाखाली एक असतात. वरच्या घराच्या मोरीचं पाणी खालच्या अंगणात उतरतं आणि तिथून वाट काढत झिऱ्याकडे जातं. यावल-रावेरकडचा पाडा असो की शिरपूरकडचा, हे सगळीकडे सारखंच. नळ आल्यावर पाणी आणखी वाढतं. जलजीवन मिशनचा माणशी 55 लिटरचा हिशेब धरला, तर पाच माणसांच्या घरातून रोज दोनशेएक लिटर सांडपाणी निघतं. गटार बांधलं की ते पाणी फक्त खालच्या घरापर्यंत पोचतं, म्हणून उतारावर गटारापेक्षा शोषखड्डा बरा. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त म्हणून ओळखलं गेलं. तीच रीत इथे डोंगराला जुळवून घ्यायची आहे.

आधी जागा बघा, आणि यात घाई करू नका. खड्डा घराच्या पायापासून दहा फूट लांब, उताराच्या बाजूला हवा. विहीर किंवा हातपंप निदान पन्नास फुटांवर असावा. झिऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र खड्डा घेऊच नका, मग अंतर कितीही असो. सातपुड्याचा काळा पाषाण भेगाळलेला आहे. मातीतून पाणी गाळून उतरतं, भेगेतून मात्र ते जसंच्या तसं झिऱ्यात जातं.

मग जमीन तपासा. फूटभर खोल खळगा करून पाण्याने भरा आणि ते जिरू द्या. दुसऱ्यांदा भरा, काडी उभी धरून तिच्यावर पाण्याची खूण करा आणि पाणी किती उतरतं ते बघा. अर्ध्या तासात इंचभर उतरलं तर मुरूम चांगला. पाणी खुणेवरून हललंच नाही तर खाली चिकण माती किंवा सलग खडक आहे, जागा बदला.

दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर, चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा घ्या. तळाशी वीतभर मोठे दगड टाका आणि त्यावर बूड बंद असलेली तीन फुटी सिमेंटची टाकी बसवा. तिच्या वरच्या भागात, काठापासून चार-पाच बोटं खाली, चारी बाजूंना भोकं पाडलेली हवीत. मोरीचा पाइप भोकांच्या थोडा वर, टाकीत सोडा. गाळ आणि खरकटं तळाशी बसतं, वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत उतरतं. साधा दगडांचा खड्डा तुंबतो तो ही टाकी नसल्यामुळे. खर्च वाचवायला पुष्कळ जण टाकी गाळतात आणि दोन पावसाळ्यांत नवा खड्डा खणतात.

टाकीभोवती भोकांपर्यंत मोठे दगड, वर लहान दगड रचा. कच्च्या भाजलेल्या विटांचे तुकडे नकोत, ते भिजून भुसभुशीत होतात. दगडांवर जुनं पोतं किंवा प्लॅस्टिक अंथरून माती ओढा. टाकीवर उचलता येईल असं झाकण ठेवा. वरच्या बाजूला हातभर बांध घाला, नाहीतर पावसाचा लोंढा पहिल्याच आषाढात गाळाने खड्डा भरून टाकेल.

दोन फुटांवरच पाषाण लागला तर फोडू नका. उताराला आडवा, दीड फूट खोल, दहा-बारा फूट लांब चर काढा, दगडांनी भरा आणि चराच्या खोलीएवढीच लहान टाकी त्याच्या तोंडाशी बसवा. चराच्या खालच्या काठाला केळीचे मुनवे लावा. रावेर-यावलच्या माणसाला केळी किती पाणी पिते हे सांगायला नको. घड खुशाल खा, पण या पाण्यावर मेथी-कोथिंबीर घेऊ नका.

संडासाचं पाणी या खड्ड्यात सोडू नका. त्याला दोन खड्डे वेगळे हवेत, एक भरला की दुसरा सुरू, पहिला दोन वर्षं झाकून ठेवायचा.

मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, ती रोज झटका. भांडी राखेने घासत असाल तर टाकी लवकर भरेल, तेव्हा महिन्याला झाकण उचलून काठी बुडवून बघा. गाळ निम्म्यावर आला की काढून उकिरड्यात पुरा.