गुणगुणणारी ट्यूबलाइट : दुरुस्ती की एलईडी?

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस अलीगंज ही विस्तीर्ण निवासी वसाहत पसरली आहे. जुने हनुमान मंदिर, केंद्र सरकारच्या कार्यालयांचे केंद्रीय भवन आणि आंचलिक विज्ञान नगरी ही तिची ठळक ओळख. इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या सेक्टरांमध्ये जुनी वायरिंग असलेली घरे आजही आहेत. अशा घरात रात्री पंख्याचा वेग कमी केला, की भिंतीवरच्या ट्यूबलाइटचा एकसुरी गुणगुणाट ऐकू येऊ लागतो. बहुतेक कुटुंबे त्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक हा आवाज म्हणजे विजेचा काही अंश प्रकाशाऐवजी अन्यत्र खर्च होत असल्याची खूण असते, तर क्वचित प्रसंगी धोक्याची सूचनाही असते.

आवाज येतो कोठून?

ट्यूबच्या काचेत पाऱ्याची वाफ व निष्क्रिय वायू असतो. त्यातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहावर बंधन घातले नाही तर तो वाढतच जाईल. म्हणून पट्टीत चोक बसवलेला असतो. लोखंडी पत्र्यांच्या थराभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, अशी त्याची साधी रचना असते. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. प्रत्येक आवर्तनात चुंबकत्व दोनदा कमाल पातळी गाठते, त्यामुळे चोकचे पत्रे सेकंदाला १०० वेळा अतिसूक्ष्म प्रमाणात ताणले जातात. पत्रे घट्ट असतील तर हे कंपन ऐकू येत नाही. काळानुसार ते सैल झाले किंवा चोकचा स्क्रू ढिला पडला, की पट्टीचा पातळ पत्रा त्या कंपनाला ध्वनिपेटीप्रमाणे मोठे करतो.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली ज्या शहरात संगीत विद्यालय उभे राहिले, तेथील रियाझाच्या खोलीत तर हा गुणगुणाट विशेष जाचक ठरावा. त्याचा मूळ स्वर खालच्या सप्तकातील पांढरी पाचच्या किंचित वर येतो, म्हणजे धड सुरातही नाही आणि फार दूरही नाही.

उत्तर भारतातील घरांत या त्रासात इन्व्हर्टरची भर पडते. स्वस्त इन्व्हर्टर विजेची लाट गोलाईदार न देता चौकोनी देतात. अशा लाटेत उच्च कंपनसंख्येचे अंश मिसळलेले असतात व त्यामुळे एरवी शांत असलेला चोकही वीज गेल्याबरोबर करकरू लागतो. आवाज केवळ इन्व्हर्टरवरच येत असेल, तर दोष ट्यूबमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

आवाज ओळखून दुरुस्ती

सलग गुणगुण असेल तर चोक तपासावा. टिकटिक करीत ट्यूब लुकलुकत असेल तर स्टार्टर निकामी झालेला असतो अथवा ट्यूबचे आयुष्य संपलेले असते; टोके काळवंडलेली दिसली तर दुसरी शक्यता अधिक. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कूलर एकाच वेळी सुरू होऊन दाब घसरतो, तेव्हाही स्टार्टर वारंवार प्रयत्न करीत राहतो. या दोहोंहून निराळा असा चरचर आवाज येत असेल, जळका वास येत असेल किंवा पट्टी हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर जोडणी सैल झाल्याची शक्यता असते. अशा वेळी दिवा तत्काळ बंद करून वायरमनलाच बोलवावे.

पट्टी उघडण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नसते. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते आणि बटण बंद असूनही पट्टीत वीज राहते. मुख्य स्विच उतरवून व टेस्टरने खात्री करूनच हात लावावा. चोकचे स्क्रू आवळणे, त्याच्याखाली रबरी वॉशर घालणे, ट्यूब सॉकेटमध्ये नीट फिरवून बसवणे, एवढ्यानेही पुष्कळदा आवाज थांबतो. पत्रेच सैल झाले असतील तर मात्र चोक बदलण्यावाचून पर्याय नाही. नवा चोक घेण्याची वेळ आली, की दुरुस्ती करावी की दिवाच बदलावा, हा विचार करणे योग्य ठरते.

हिशेब

३६ वॅटची ट्यूब प्रत्यक्षात ३६ वॅटवर चालत नाही. चोकमध्ये सुमारे १२ वॅट उष्णतेच्या रूपाने जातात. त्याऐवजी २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर २८ वॅटची बचत होते. दिवा रोज सहा तास जळत असेल तर महिन्याला सुमारे ५ युनिट आणि वर्षाला ६० युनिट वाचतात. युनिटला ६ रुपये दर व पट्टीची किंमत २५० रुपये धरली, तर आठ-नऊ महिन्यांत खर्च भरून निघतो. वीज नसताना इन्व्हर्टरची बॅटरी अधिक काळ पुरते, हा लाभ वेगळाच.

निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा प्रकाश देणारे असे दिवे शक्य झाले. त्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या, पुढे ‘उजाला’ या नावाने परिचित झालेल्या योजनेने ते घरोघरी पोहोचवले. २०१४ मध्ये ३१० रुपये असलेला बल्बचा शासकीय खरेदीदर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, एलईडी ट्यूब मात्र सुमारे ७२ लाखच. बल्ब बदलले आणि भिंतीवरची जुनी पट्टी तशीच राहिली, याचे प्रतिबिंब या आकड्यांत दिसते.

बदल करताना

येथेच अनेकांची फसगत होते. जुन्या पट्टीत बसणाऱ्या एलईडी ट्यूब दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात चोक तसाच राहतो व ट्यूबसोबत मिळणारा खास स्टार्टर बसवावा लागतो. हे सोपे खरे. पण कंप पावणारा चोक जागेवरच राहत असल्याने आवाज पूर्ण थांबेलच असे नाही. दुसऱ्या प्रकारात चोक व स्टार्टर काढून फेज आणि न्यूट्रल थेट ट्यूबला जोडतात. काही ट्यूबना दोन्ही तारा एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. वेष्टनावरील आकृती पाहूनच जोडणी करावी. बदललेल्या पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवावी, कारण पुढे कोणी तीत साधी ट्यूब बसवली तर प्रवाहाला बंधन घालणारा चोकच तेथे नसेल. आमच्या मते घरासाठी जुनी पट्टी उतरवून संपूर्ण एलईडी पट्टी लावणे हेच सर्वांत सुरक्षित.

खरेदी करताना वॅट न पाहता ल्युमेन पाहावे. २० वॅटच्या चांगल्या पट्टीने सुमारे २००० ल्युमेन तरी द्यावेत. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी वेष्टनावर असावी. निकृष्ट एलईडीतील इलेक्ट्रॉनिक मंडलही गुणगुणते. बटण बंद केल्यावर एलईडी मंद तेवत राहिली, तर ती सदोषच असते असे नाही. न्यूट्रलवरचे बटण किंवा बटणातील लाल निर्देशक दिवाही त्यास कारणीभूत असतो.

उतरवलेल्या ट्यूबचे काय?

प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. ती भंगारात फोडून देऊ नये. जुन्या वेष्टनात अखंड ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर जावे, नंतर झाडूऐवजी जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणबंद डब्यात ठेवावेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. करारातील देशांनी २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार सामान्य प्रकाशयोजनेसाठीच्या अशा लांब ट्यूबची निर्मिती व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची आहे. ज्यांच्या घरात चांगल्या स्थितीतील चोक आहे, त्यांनाही यापुढे त्यासाठी ट्यूब मिळणे कठीण होत जाईल.