शेजारचा फ्लॅट कितीला गेला?

सासूबाईंचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा माणसागणिक वेगळा भाव कानावर आला. एजंट म्हणाला, "ताई, सव्वा कोटीच्या खाली बोलूच नका." सोसायटीच्या सेक्रेटरींचा आकडा त्याहून चढा, कारण त्यांच्या मते इमारत आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणारच होती. धाकटे दीर मोबाइलवरच्या जाहिराती दाखवत बसले. यातला एकही आकडा कुणी कुणाला प्रत्यक्ष मोजून दिलेला नव्हता. पुण्यात जुन्या फ्लॅटचा 'चालू भाव' म्हणतात तो बहुधा असाच, विकणाऱ्यांनी एकमेकांना सांगून फुगवलेला असतो.

पैसे किती हातात पडले ते दस्तात कळतं. करारनामा किंवा खरेदीखत नोंदवलं की त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती तयार होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये ती कुणालाही पाहता येते. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकायचा. हा नंबर आपल्याच जुन्या खतात सापडतो. (कोथरूड तिथे अजून 'गाव'च आहे!) संकेतस्थळ संथ चालतं, तेव्हा रात्री जेवणं आटोपून, वही-पेन घेऊन सावकाश बसावं. आपल्या इमारतीतले आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या वर्षा-दीड वर्षातले व्यवहार उतरवून काढले की एजंटपुढे बसताना आपला आवाज बदलतो.

पण इंडेक्स टू वाचावी लागते. वरच्या बाजूला दोन रकमा असतात, 'मोबदला' आणि 'बाजारभाव'. व्यवहार ठरला तो मोबदल्याला. बाजारभाव हा सरकारी रेडी रेकनरच्या दराने काढलेला असतो, आणि या दोहोंत जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. आमच्या दिरांनी पहिल्या दिवशी बाजारभावाचा रकाना उतरवून आणला होता. मोबदला शून्य दिसला तर तो रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या सभासदाला मिळालेल्या नव्या घराचा करार असू शकतो. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत हेही त्याच यादीत येतात. वडिलांनी मुलीला दिलेलं घर ही काही विक्री नव्हे, ते सगळं खोडून टाकायचं. रोखीत हात बदललेले पैसे मात्र कुठल्याच कागदावर दिसणार नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्रफळात. दस्तात बहुधा चौरस मीटर असतात, त्यांना १०.७६ ने गुणायचं. ते कार्पेट आहे की बिल्टअप, हे दर काढण्याआधी पाहायचं. एजंट बोलतो ते सेलेबलवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. समजा ९०० चौरस फूट सेलेबल, दर ९,००० रुपये, म्हणजे ८१ लाख. त्याच फ्लॅटचं कार्पेट ६५० भरलं तर दर जवळजवळ साडेबारा हजार होतो. किंमत तीच, पण एकाचा सेलेबलचा दर दुसऱ्याच्या कार्पेटला लावला की घर वीस-तीस लाखांनी महाग किंवा स्वस्त वाटायला लागतं.

'सध्या जोरात खपतंय' या बातमीवरही हुरळू नये. नोंदणीचा महिना आणि सौदा ठरल्याचा महिना एकच असतो असं नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी उतरवलं होतं. डिसेंबर संपायच्या आत शुल्क भरून दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवायची मुभाही होती. तेव्हा दुय्यम निबंधकांच्या दारात लागलेल्या रांगा शुल्क वाचवण्यासाठी होत्या. एरवीही मार्चमध्ये गर्दी होते, कारण रेडी रेकनरचे नवे दर एप्रिलपासून लागू होतात. दोन वर्षं न बदललेले दर १ एप्रिल २०२५ ला वाढले, तेव्हाही लोकांनी मार्चअखेर गाठायची धडपड केली. मार्चचा आकडा पाहून मे महिन्यात भाव वाढवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

आता आमचं काय झालं ते सांगते. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नोकरी करणारं तरुण जोडपं, माणसं सरळ. एक कोटी दहा लाखांना सौदा ठरला, विसार घेतला. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर आला. इमारत जुनी, भोगवटापत्र सापडेना, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. त्याने किंमत धरली ९५ लाख. त्यांची बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज देत नव्हती. त्यांनी साडेब्याऐंशी लाखांचा हिशेब केला होता, हाती येणार होते एकाहत्तर लाख आणि वर थोडे. मधला खड्डा सव्वाअकरा लाखांचा. शिवाय सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सात लाख सत्तर हजार, आणि नोंदणीचे तीस हजार. (घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं असतं तर शुल्कात एक टक्का वाचला असता.) सौदा मोडला. विसाराच्या पावतीत कर्ज नामंजूर झालं तर काय, याबद्दल अक्षर नव्हतं. एजंटचं म्हणणं, विसार ठेवून घ्या, तशी रीत आहे. सासूबाईंनी तो दुसऱ्या दिवशी परत करायला लावला. तो ठेवून घेतला असता आणि त्या जोडप्याने वकील गाठला असता, तर आम्हालाही पैसे आणि मनस्ताप या दोन्हींत अडकायला वेळ लागला नसता.

म्हणून दर काढताना पुढचा विचारही करावा की समोरच्याच्या बँकेला हा दर पटेल का. भोगवटापत्राची प्रत महापालिकेतून आधीच काढून ठेवावी. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा विषय सर्वसाधारण सभेत लावून धरावा, त्याला वेळ लागतो. विसाराच्या पावतीत कर्जासाठी मुदत आणि ती टळल्यास किती रक्कम किती दिवसांत परत, हे मराठीत, दोघांनाही कळेल असं लिहून घ्यावं. आणि पन्नास लाखांच्या किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापतो, तेव्हा आपला पॅन त्याला वेळेवर द्यावा. आम्ही दुसऱ्या खेपेला हे कागद टेबलावर ठेवूनच बोलायला बसलो, आणि फ्लॅट आमच्या वहीतल्या आकड्यांच्या जवळपासच गेला.